प्लास्टरच्या आतले पोट



मी डॉक्टर नव्हे, कामगार संघटनेतला माणूस. पण परांचीवरून पडून कामगाराचा कणा मोडतो, म्हणून हा विषय.

१८७८ साली विलेट या इंग्रज शस्त्रवैद्याने एक हकीकत छापली. वाकड्या कण्याच्या रोग्याला धडभर प्लास्टर घातले. उलट्या लागल्या आणि त्यातच रोगी दगावला. दुखणे कण्याचे, मरण पोटाचे! १९५० साली डॉर्फ यांनी या विकाराला प्लास्टरचेच नाव दिले.

कारण साधे आहे. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दोन रोहिण्यांच्या बेचक्यातून जातो. मध्ये चरबीची गादी असते. कणा ताणून सरळ केला, किंवा रोगी खंगून ती चरबी झडली, की बेचके आवळते, आतडे चिमटते. जठर फुगते, हिरवट उलट्या होतात, अंगातले पाणी नि क्षार जातात. आता प्लास्टरऐवजी बहुधा सळ्या व स्क्रू बसवतात. तरी धोका टळलेला नाही.

वेळीच ओळखले तर उपाय आहेत. डॉक्टर नाकातून नळी घालून जठर रिकामे करतात, शिरेतून सलाईन देतात, रोग्याला डाव्या कुशीवर वा पालथे निजवतात, प्लास्टर कापून सैल करतात. पुष्कळांना पोटाची शस्त्रक्रिया लागतच नाही.

तेव्हा ओकणाऱ्या रोग्याला ‘घाबरलाय, गॅस झालाय’ म्हणून गप्प बसवू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा. प्लास्टरखालचे पोट कुणाला दिसत नाही. रोग्याची तक्रार हीच त्याची खिडकी. तक्रार ऐकली जाणे हा कारखान्यात माणसाचा हक्क आहे. तो रुग्णालयाच्या खाटेवर संपत नाही.