दाताचे कवच

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे दिलेले भाषण)



मागे एका रविवारी आपल्या दवाखान्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा पाच वर्षांचा. चार दाढा किडलेल्या. आजी म्हणाल्या, “डॉक्टर, हे दुधाचे दात पडायचेच आहेत. ते लेसर का काय निघाले आहे, त्याने पुढचे तरी पक्के करून द्या.” त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमोर देतो.

दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. परंतु तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि त्यात हे कवच कणाकणाने विरघळते. लाळ ती झीज भरून काढते. त्या वेळी थोडे फ्लोराईड मिळाले, तर नवा थर आम्लाला सहसा दाद देत नाही. 1945 साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराईड घातले. पुढे तेथील मुलांच्या दातांची कीड निम्म्याहून कमी झाली.

पहिला लेसर 1960 साली मेमन यांनी तयार केला. काही वर्षांतच तो दातांवर वापरून पाहण्यात आला. त्याच्या उष्णतेने कवचातील कार्बोनेट कमी होते आणि कवच आम्लात सावकाश विरघळते. जोडीला फ्लोराईड दिल्यास प्रयोगशाळेत पुष्कळदा अधिक गुण दिसला आहे. पण उष्णतेचे माप चुकले, तर दाताच्या आतील जिवंत भागाला इजा होते.

माप फ्लोराईडलाही लागते. आपल्या शेजारच्या नलगोंडा जिल्ह्यात जमिनीतल्या पाण्यात ते फार. त्याने कित्येकांचे दात डागाळले, हाडे वाकली. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी व चुना घालून ते कमी करण्याची जी रीत बसविली, ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

आजींना मी विचारले, “रात्री निजताना काय देता?” त्या ओशाळल्या. “लिमलेटची गोळी. त्याशिवाय झोपतच नाही हो.”

मी म्हटले, “आजी, दुधाचा दात पक्क्या दाताची जागा राखतो. गोळी बंद करा. सकाळी आणि निजताना फ्लोराईडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन स्वतः दात घासून द्या, गिळू देऊ नका. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पुरे.”

लेसर येईल तेव्हा येवो. आज रात्रीचे काम मात्र आपल्याच हातात आहे.