अडकलेली पुंगळी



वसंत व्याख्यानमालेत संतांवर ऐकावे, इतिहासावर ऐकावे, ही आपली चाल. आज मात्र आम्ही आपल्यापुढे काडतुसे भरणारे एक यंत्र घेऊन आलो आहोत. विषय आडवाटेचा खरा. पण ऐकून घेतलात तर तो आपल्या घरचाच निघेल, असा आमचा भरवसा आहे.

काडतूस म्हणजे चार वस्तूंचे बिऱ्हाड. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. आपल्या महाराष्ट्रात हे काम खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावास १९६४ पासून चालत आले आहे. पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त. पितळेची लहानशी वाटी घेऊन ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. प्रत्येक ओढीसरशी पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते.

गोळी उडाली तरी पुंगळी शिल्लक राहते. अमेरिकेत व युरोपात अनेक नेमबाज ती घरी पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा बनविणे हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. शिवाय प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येते असेही नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारच्या रायफलीने कांस्यपदक मिळविले, तिच्या काडतुसात ठिणगीचा मसाला कडेतच भरलेला असतो. ती पुंगळी एकदाच कामाची.

आता ते यंत्र पाहा. मध्ये एक गोल तबकडी, तिला चार-पाच खाचा आणि प्रत्येक खाचेत एक पुंगळी. दांडा एकदा ओढला की सर्व ठिकाणची कामे एकदम होतात. एकीकडे जुनी टोपी निघते, दुसरीकडे नवी बसते, तिसरीकडे दारू पडते, चौथीकडे गोळी बसते. मग तबकडी एक घर पुढे सरकते आणि तयार काडतूस एका तारेच्या वा पट्टीच्या आधाराने खाचेतून निसटून घसरणीवरून टोपलीत पडते.

आपल्या आईच्या दर्शनाची रांग डोळ्यांपुढे आणा. गाभाऱ्यातून बाहेर पडणारा एक माणूस दारात थबकला, तर मागची सारी रांग महाद्वारापर्यंत तटते. या यंत्राचेही तसेच. शेवटचा नग बाहेर पडला नाही की सारे चक्र थांबते.

अशा वेळी मनुष्याचा पहिला विचार कोणता? जोर लावावा! हातोडी घ्यावी! आम्ही हात जोडून सांगतो, भरलेल्या काडतुसाशी ही मर्दुमकी कदापि करू नये. डोळ्यांवर चष्मा चढवावा, दारू व टोप्या दूर कराव्यात आणि मग शांतपणे पाहावे.

पहिला प्रश्न असा, की नग खाचेतून सुटलाच नाही, की सुटून घसरणीत अडला? घसरणीत अडला असेल तर तबकडीला बोल लावू नये. सुटलाच नसेल, तर तीच पुंगळी रिकामी करून हाताने खाचेत सरकवून पाहावी. अडली, तर दुसऱ्या मेळाची पुंगळी घालून पाहावी. ती सहज सरकली, तर पहिलीच्या कडेला बर असेल किंवा ती निराळ्या मापाची असेल. दोन्ही अडल्या, तर खाचेत वा तबकडीखाली दारूचे कण, काजळी साचली आहे काय ते पाहावे. मधला बोल्ट फार आवळला तर तबकडी जड फिरते. सैल राहिला तर ती डुगडुगते आणि पुंगळीची कड तारेवर चढते. शेवटी ती तार वाकली वा झिजली आहे काय, हे पाहावे. यात नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर गुण कोणाचा ते कळत नाही आणि खोड पुन्हा परत येते.

पण खरा धोका निराळाच आहे. नग अडतो शेवटच्या घरात आणि संकट उभे राहते तिसऱ्या घरात! अडलेल्या दांड्याची खालीवर ओढाताण झाली की तेथील पुंगळीत दारू दोनदा पडलेली असू शकते, किंवा मुळीच पडलेली नसते. दुप्पट दारूने बंदूक फुटते. दारूच नसेल तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी घात करते. म्हणून यंत्र अडले की तबकडीवरचे सगळे नग काढून तपासावेत. दहा मिनिटे जातील; डोळे राहतील.

आम्ही उमेदीच्या काळात एका लहान कारखान्यात होतो. तेथे काडतुसे नव्हेत, पितळी टोपणे होत. पण यंत्र याच जातीचे. एके दिवशी टोपणे अडू लागली. मालकांनी दांड्यावरच्या पोऱ्याला जबाबदार धरले आणि त्याचा पगार कापला. तो बिचारा घाईघाईने बोटाने नग काढू लागला आणि बोट चेंगरून बसला. पुढे पाहिले तर नव्या पितळेच्या कडेलाच बर होती. पगार परत मिळाला. बोट काही पूर्ववत झाले नाही. तेव्हा आम्हीही त्या पोरालाच दोन शब्द बोललो होतो, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो.

मोठ्या राष्ट्रांतही हेच घडते. १९६६-६७ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या नव्या एम-१६ रायफलीत उडालेल्या पुंगळ्या अडकू लागल्या. सैनिक रायफल साफ ठेवीत नाहीत, असा ठपका आला. १९६७ साली त्यांच्या लोकसभेच्या उपसमितीने चौकशी केली, तेव्हा निघाले असे, की दारूचा प्रकार पुरेशी चाचणी न घेताच बदलला होता. साफसफाईचे साहित्यही पुरेसे पोचले नव्हते. चूक झाली कचेरीत. प्राण गेले रणांगणावर.

तात्पर्य, जेथे गाडे अडते तेथेच दोष असतो असे नाही, आणि जो शेवटी उभा असतो तोच अपराधी असतो असेही नाही. घरात, कचेरीत, पंचायतीत काही अडले तर जोर लावण्यापूर्वी थांबावे, एकेक घर मागे जात पाहावे आणि मगच बोट दाखवावे. एवढे ध्यानात राहिले तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली, असे आम्ही समजू.