पाऊण तासाचं विमान

मिनिटं मोजकी मिळाली आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. दोन विमानतळांमधलं अंतर बघून प्रवास ठरवणं आता सोडा.

आपल्या ईस्ट मिडलंड्स विमानतळावरून बेलफास्ट सिटीला जाणारं विमान बघा. नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण 360 किलोमीटर. पंख्यांचं एटीआर विमान ताशी 500 च्या आसपास जातं. भागाकार केला की 43 मिनिटं. तिकिटावर मात्र तासाहून जास्त वेळ, आणि लगेच आमची मंडळी म्हणतात, कंपनी वेळ फुगवून सांगते!

अहो, पुरणपोळी तव्यावर दोन मिनिटांत भाजून होते. म्हणून पुरणपोळी दोन मिनिटांत होते का? विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात होते. मग ते धावपट्टीकडे संथपणे जाणार. हे म्हणजे कणीक मुरायला ठेवणं. बाहेरून काही घडताना दिसत नाही, पण तेवढं थांबावंच लागतं. चढताना विमानाचा वेग कमी, उतरतानाही कमी. वारा पूर्वेचा असला तर पूर्वेकडे तोंड करून उडायचं आणि मग वळून पश्चिमेला निघायचं. भागाकारातल्या सरळ रेघेला यातलं काही ठाऊक नसतं.

आणि डाळ भिजत घालणं, म्हणजे विमानतळ गाठणं, तर अजून राहिलंच. विमानतळ कॅसल डॉनिंग्टनला, म्हणजे लेस्टरशायरमध्ये. 2004 मध्ये त्याच्या नावात नॉटिंगहॅम पुढे आणलं, 2006 मध्ये पुन्हा मागे नेलं. नॉटिंगहॅममधल्या आपल्या दारापासूनचे तेरा-चौदा मैल काही हलले नाहीत. स्कायलिंक बस रात्रीही असते, ही सोय खरी. पण ईस्ट मिडलंड्स पार्कवे स्टेशनवर उतरून विमानतळ शोधू नका. तिथून पुढे चार मैल आहेत, हातात बॅगा आहेत आणि बरोबर गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आहेत.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान जातं. अंतर पावणेदोन मैल, वेळापत्रकात दोन मिनिटं. एकदा तर ते 53 सेकंदांत पोचलं होतं. ऐकायला मोठी मौज. पण त्या बेटावरच्या माणसालाही घरातून निघावं लागतं, वजन करून घ्यावं लागतं, धुकं असलं तर परत फिरावं लागतं. तवा नुसता तापून उपयोग काय, पुरण तयार हवं ना?

गावाकडेही हेच. चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, सिंधुदुर्गातल्या माणसांना आनंद झाला, मलाही झाला. पुणे तिथून आकाशमार्गे तीनशे किलोमीटरच्या आतच. पण दोडामार्गाहून निघणाऱ्याला चिपी गाठायला किती वेळ लागतो, ते मुंबईत बसून सांगू नका. ‘उडान’ योजनेतही अडीच हजारांची भाडेमर्यादा बांधली ती विमानातल्या तासाभरावर. घरापासूनच्या रस्त्याचा हिशेब त्यात कुठे आहे?

म्हणून पुन्हा सांगते, कारण मधेच कुणी चहा ठेवायला उठलं असेल. आईवडिलांचं तिकीट काढताना किलोमीटर बघू नका, घराच्या दारातून किती वाजता निघायचं ते आधी कागदावर लिहा. आणि पुढचं विमान तासाभराच्या फरकाने तर मुळीच घेऊ नका.

पश्चिमेच्या वाऱ्यामुळे बेलफास्टला जाताना वेळ जास्त आणि येताना कमी का लागतो, तेही सांगायचं होतं. त्यात एक गंमत अशी की... बरं, स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय. नमस्कार.