वंशावळीत नसलेली पणजी

आपल्याकडील कोणत्याही घराण्याची वंशावळ उलगडून पाहिली, तर तीत मूळ पुरुषापासून थेट आजच्या पिढीपर्यंत बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू अशी नावे अखंड लागलेली दिसतात. परंतु ज्या बायांच्या पोटी ही माणसे जन्मली त्यांचे नाव, त्यांचे माहेर, त्यांचे संसार यांविषयी तो कागद बहुधा मुका असतो. माझ्या आजोबांच्या आईविषयी आमच्या घरात एवढेच सांगत, की ती फार कष्टाळू आणि अबोल होती. तिचे तीन संसार झाले होते, ही गोष्ट मला घरातल्या कोणी सांगितली नाही. ती सांगितली दिवाणी न्यायालयाच्या दप्तराने.

ब्राह्मणादी काही जाती वगळल्या, तर महाराष्ट्रातील बहुसंख्य समाजात विधवेचा पुनर्विवाह इंग्रजी कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून राजरोस चालत आला होता. त्याला पाट म्हणत, कोठे मोहतूर म्हणत. लग्नाचा थाट त्यात नसे. रात्रीची वेळ, बहुधा वद्य पक्ष, मोजकी माणसे, सवाशिणी दूर. आणि वर अविवाहित असला तर आधी त्याचे लग्न रुईच्या झाडाशी लावून मग पाट लावण्याचा प्रघात. विधी असा त्रोटक असला तरी व्यवहार पक्का होता. मराठेशाहीत लग्नावर जशी लग्नटका ही पट्टी होती, तशी पाटावर पाटदाम ही पट्टी होती, आणि ज्या संबंधावर सरकार कर वसूल करते तो संबंध सरकारने मानलेला असतो, हे उघड आहे. नवरा हयात असता बाईला दुसरे घर करावयाचे, तर त्याची सोडचिठ्ठी किंवा फारकत लागे. एलफिन्स्टन यांच्या कारकिर्दीत दख्खनच्या जातींतील चालीरीतींची चौकशी होऊन आर्थर स्टील यांचे जे पुस्तक १८२७ मध्ये सिद्ध झाले, त्यात या साऱ्या रिवाजाची नोंद आहे.

पुढे १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आला. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या तळमळीचे ते फळ होते आणि ज्या जातींत विधवेला मरेपर्यंत वैधव्यच होते, त्या जातींपुरता तो निःसंशय उपकारक ठरला. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात आणला. ज्या जातींत पाट मुळातच रूढ होता त्यांना हे कलम लागू करावे की नाही, याविषयी न्यायालयांत मतभेद झाला. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नाही म्हटले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८९६ मध्ये विठू विरुद्ध गोविंद या खटल्यात, पूर्णपीठ बसवून, लागू आहे असा निर्णय दिला. मला हा निर्णय कठोर वाटतो. मात्र त्याचा एक परिणाम आमच्यासारख्या शोधकांच्या उपयोगी पडला आहे. बाईने पाट लावला की नाही, हा प्रश्न जमिनीच्या मालकीचा प्रश्न झाला, आणि जे भाऊबंद एरवी तिच्या नावाचा उच्चारही न करते, ते तिच्या पाटाची तिथी, वार, स्थळ आणि साक्षीदार न्यायाधीशापुढे शपथेवर सांगू लागले.

आमच्या पणजीचे पहिले प्रकरण पालकत्वाचे आहे. लहानपणी लग्न झालेले, एक मुलगा, आणि ऐन तारुण्यात वैधव्य. १८५६ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वये विधवेने पुनर्विवाह केल्यास तिच्या अज्ञान मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागण्याचा अधिकार मृत नवऱ्याच्या नातलगांना होता, आणि त्या आधारावर मुलाच्या चुलत्याने अर्ज केला की, सदर बाईने अमुक गावच्या अमुक इसमाशी पाट लावला असून ती त्याचे घरी नांदत आहे. उलट बाईची कैफियत अशी की, आपण पाट लावलेला नाही. पोटासाठी त्या इसमाच्या घरी मोलमजुरीने राहिलो आहोत. चुलत्याने पाटाला हजर असलेले दोघे साक्षीदार उभे केले. बाईकडून तिच्या भावाखेरीज कोणी उभे राहिले नाही. मुलगा चुलत्याच्या हवाली झाला.

या जबानीचा कागद मी हातात घेऊन पाहिला आहे. कारकुनाचे मोडी अक्षर झरझर पुढे गेलेले, ओळी कडेला वर चढलेल्या, आणि खाली, जेथे पुरुषाने सही केली असती किंवा कुणब्याने नांगराची निशाणी केली असती, तेथे बांगडीची निशाणी: टाकाने काढलेले एक वाकडे वर्तुळ, दोन टोके नीट न मिळालेले. जबानीतले शब्द कारकुनाचे आहेत, कायद्याची भाषा वकिलाची आहे. तिच्या हातचे असे त्या सबंध कागदावर काही असेल तर ते वर्तुळ.

दुसरे प्रकरण बऱ्याच वर्षांनी उद्भवले. पहिल्या नवऱ्यापासूनचा तो मुलगा वयात येऊन, लग्नापूर्वीच वारला. त्याचा बाप भावापासून विभक्त झालेला असल्याने जमीन मुलाच्या एकट्याच्या नावे होती. तिच्यावर चुलत्याने हक्क सांगितला, आणि पणजीनेही. मधल्या काळात, १९०४ मध्ये, बसप्पा विरुद्ध रायव्वा या खटल्यात मुंबईच्या पूर्णपीठाने असे ठरविले होते की, पुनर्विवाह केलेली आई पहिल्या नवऱ्याची विधवा म्हणून वारस नसली, तरी पुनर्विवाहानंतर मेलेल्या मुलाची आई म्हणून वारस होऊ शकते. आता पाट नाकारण्याचे कारणच उरले नव्हते. म्हणून या दाव्यात तीच बाई निःसंकोचपणे सांगते की, आपण पाट लावला होता, तो रिवाजाप्रमाणे आणि चारचौघांच्या समक्ष लावला होता. पुढे त्या नवऱ्याने फारकत दिली, तेव्हा आपण आणखी एक पाट लावला, आणि हल्ली त्या तिसऱ्या नवऱ्याच्या घरी नांदत आहोत. हा तिसरा नवरा म्हणजे माझे पणजोबा.

दोन्ही जबान्या शेजारी ठेवून तिला खोटे बोलणारी ठरविणे सोपे आहे; तसे मी करणार नाही. खरे बोलले तर पोर जाते अशा कायद्यापुढे उभ्या असलेल्या आईने पाट नाकारला, आणि खरे बोलता येईल असा निर्णय झाला तेव्हा ती खरे बोलली. जुनी न्यायालयीन कागदपत्रे वाचताना या गोष्टीचे भान ठेवावे लागते. पक्षकार काय म्हणतो एवढेच पाहून चालत नाही. त्या दिवशी कायदा काय होता आणि तसे म्हणण्यात त्याचा लाभ कोणता होता, हेही पाहावे लागते.

फारकतीचा कागद तिने अनेक वर्षे जपला होता, आणि तो जपण्यात तिची केवढी दूरदृष्टी होती! उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये संभू रघूच्या खटल्यात स्पष्टच सांगितले होते की, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्न करण्याची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. पंचांनी काडी मोडून दिली, एवढ्यावर विसंबून दुसरे घर केलेल्या बाईवर दंडविधानाच्या ४९४ व्या कलमाची टांगती तलवार राही. नवऱ्याने स्वतः लिहून दिलेला कागद हातात असणे, हाच तिचा बचाव. वादीच्या वकिलाने उलटतपासणीत तिच्या दुसऱ्या पाटावर पुष्कळ तोंडसुख घेतले. पण फारकत दाखल होताच तो मुद्दा त्याला सोडावा लागला, आणि जमिनीचा हुकूमनामा तिच्या बाजूने झाला.

असा शोध ज्यांना करावयाचा असेल त्यांनी एक धागा धरून ठेवावा. जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे ‘कोम’ असे लिहून नवऱ्याचे नाव घातलेले असते. नवरा बदलला की पुढचे नाव बदलते, आणि सूचीत तीच बाई वेगवेगळ्या बायांसारखी विखुरते. न बदलणारे असते ते माहेर. माझ्या पणजीची ओळख पटली ती तिच्या भावाच्या साक्षीवरून. दोन्ही प्रकरणांत त्याचे नाव व गाव तेच आहे. दाव्यातले किरकोळ कागद मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम असल्याने पुष्कळदा निकालपत्र तेवढे हाती लागते. अशा वेळी वारसाच्या दाखल्यांची प्रकरणे आणि गावच्या चावडीवरील फेरफार पत्रके चाळावीत, कारण ‘सदर बाईने पाट लावल्याने तिचे नाव कमी केले’ अशा मजकुराच्या नोंदी तलाठ्याच्या दप्तरात अनेक ठिकाणी आढळतात.

त्या फारकतीत एक ओळ अशी आहे की, उभयतांची मुलगी बापाकडे राहील आणि तिच्यावर आईचा दावा नाही. मुलीचे नाव दिलेले आहे, वय दिलेले नाही. आजोबांची ही बहीण, एका आईच्या पोटची, आणि आजोबांच्या तोंडून तिचा उल्लेख आम्ही कधी ऐकला नाही. आमच्या वंशावळीत पणजीचे नाव, तिचे माहेर आणि तिचे तिन्ही नवरे मी आता लिहून घातले आहेत; तिच्या पहिल्या मुलाचेही नाव घातले आहे. मुलीच्या नावाखालची जागा मोकळी ठेवली आहे, कारण ती कोणत्या गावी दिली गेली आणि तिला मुलेबाळे झाली की कसे, हे त्या दुसऱ्या नवऱ्याच्या तालुक्यातील फेरफार पत्रकांतून अद्याप शोधावयाचे आहे.