जुन्या गाडीसाठी ओबीडी रीडर घेताय? आधी गाडीची भाषा बघा

मागच्या महिन्यात बाबांच्या २००८ च्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी चालता चालता मध्येच बंद पडायची. मी ऑनलाइन स्वस्तातला ब्लूटूथ रीडर मागवला, स्टिअरिंगखाली लावला. ॲप म्हणतं, ईसीयूशी संपर्क होत नाही. गॅरेजवाल्यानं ते बघितलं आणि निकाल देऊन टाकला, "ईसीएम गेलाय, बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून बाबा गाडी भंगारात काढायला निघाले!

आता विचार करा. इंजिन सुरू होतंय, म्हणजे ईसीएम काम करतोय. मग बोलत का नाही? कारण रीडरला त्याची भाषा येत नव्हती.

ओबीडीचं १६ पिनांचं सॉकेट सगळीकडे सारखंच दिसतं. आतला प्रोटोकॉल मात्र वेगळा असतो. नव्या गाड्या कॅनवर बोलतात, पिन ६ आणि १४ वरून. बऱ्याच जुन्या गाड्या के-लाइनवर, म्हणजे पिन ७ वरून. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं, तरी कुठलाही रीडर चालेलच असं नाही.

मग करायचं काय? मोबाइलचा टॉर्च लावा आणि सॉकेटचा फोटो काढा. १६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ ला अर्थ. ६ आणि १४ रिकामे, पण ७ मध्ये धातूची पिन दिसतेय? मग गाडी बहुतेक के-लाइनवाली. अशा वेळी आयएसओ ९१४१-२ आणि केडब्ल्यूपी २००० हे दोन्ही खरंच चालणारा रीडर हवा. ईएलएम ३२७ च्या स्वस्त नकलांवर 'सर्व प्रोटोकॉल' असं छापलेलं असतं, पण त्यातल्या काही जुन्या प्रोटोकॉलवर अडकतात. म्हणून परत करता येईल असाच घ्या. काही जुन्या गाड्या फक्त कंपनीचाच प्रोटोकॉल बोलतात. तिथे त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनरच लागतो.

फोनही बघा हं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ रीडर जोडला जात नाही, वाय-फायवाला किंवा ब्लूटूथ एलईवाला घ्या. आणि साधा रीडर मुख्यतः इंजिनचे कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग हवं असेल तर आधी विचारून घ्या.

आमचं पुढे काय झालं? मित्राकडचा के-लाइनवाला रीडर लावला. कोड आला पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. वायर घासून तुटायला आली होती. ती जोडली आणि गाडी ठणठणीत!

तेव्हा रीडर जोडला गेला नाही, तर आधी रीडरवर शंका घ्या, ईसीएमवर नंतर. भेटू पुढच्या भागात!