आजारापूर्वीची रुग्णसेवा

(फैजपूर येथे सेवाकार्यातील कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



फैजपूरचे नाव देशाच्या इतिहासात १९३६ सालामुळे कायमचे नोंदले गेले. त्या वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच शहर सोडून खेड्यात भरले. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक सेवकांनी त्यासाठी अपार कष्ट उपसले. त्या अधिवेशनात शेतकऱ्यांसाठी जो कार्यक्रम मांडला गेला, त्यात ग्रामीण कर्जबाजारीपणाचा प्रश्न अग्रभागी होता. त्या घटनेला आठ दशकांहून अधिक काळ लोटला. शेती बदलली, केळीची बाग खान्देशची ओळख बनली. परंतु धडधाकट कुटुंबाला एका रात्रीत कर्जात लोटणारे एक कारण अजून तसेच आहे, ते म्हणजे आजारपण.

बागेत मजुरी करणाऱ्या घरातील कर्त्या पुरुषाच्या छातीत कळ येते. त्याला भुसावळला किंवा जळगावला न्यावे लागते. प्रथम अनामत रकमेची चिंता, मग तपासण्या, मग शस्त्रक्रिया. गृहिणीच्या अंगावरील किडुकमिडुक जाते, दावणीचे जनावर विकले जाते, आणि तरीही न भागल्यास चढ्या व्याजाने पैसा उचलला जातो. रुग्ण बरा होऊन घरी येतो. पण ते घर पुढे कित्येक वर्षे आजारीच राहते. मुलीचे शिक्षण सुटते ते याच काळात.

अशा घरासाठी शासनाची तरतूद आहे काय? आहे, आणि ती लहानसहान नाही. १९९७ पासून महाराष्ट्रात जीवनदायी योजना होती. परंतु ती मोजक्या गंभीर आजारांपुरती होती. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत खान्देशातील धुळे जिल्हा होता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती उर्वरित महाराष्ट्रात, म्हणजे जळगाव जिल्ह्यातही, लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्र शासनाची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी आरंभ झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्रितपणे राबवल्या जाऊ लागल्या.

आरंभी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते आणि ते प्रामुख्याने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना मिळे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपये झाली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व शिधापत्रिकाधारक तसेच अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना योजनेची कक्षा खुली करण्यात आली. १ जुलै २०२४ पासून हा विस्तार प्रत्यक्षात आला. म्हणजे आज पात्रतेची भिंत जवळजवळ उरलेली नाही. मग गरीब माणूस योजनेच्या दारातून परत का फिरतो? तो अडतो तो कागदापाशी, आणि हाच आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

प्रथम योजनेची रीत समजून घ्यावी. योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांना 'अंगीकृत रुग्णालये' म्हणतात. अशा प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा कर्मचारी असतो. रुग्णाने शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन त्याच्याकडे जावे. तो नोंदणी करतो, डॉक्टर निदान करतात आणि रुग्णालय उपचारासाठी संगणकाद्वारे पूर्वमान्यता मागते. ती मिळाल्यावर शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रुग्णाचे भोजन आणि घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे, हे सारे त्या उपचाराच्या ठरलेल्या रकमेतच येते. रुग्णाने पैसे भरायचे नसतात. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मान्यता घेऊन उपचार सुरू होतात. मात्र कागदपत्रे ठरावीक मुदतीत द्यावीच लागतात.

आता या साध्या वाटेवर काटे कोठे आहेत ते पाहावे. सून लग्न होऊन दोन वर्षे झाली, तरी तिचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेत आहे. नातवाचे नाव कोठेच नाही. वृद्ध आईचे नाव थोरल्या मुलाच्या पत्रिकेत आहे आणि ती राहते धाकट्याकडे. शिधापत्रिकेवर 'ताराबाई' आहे, आधारवर नुसती 'तारा' आहे. फैजपूर परिसरात घराघरांत आढळणारे 'चौधरी' हे आडनावच पाहा. रोमन लिपीत ते तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते, आणि संगणक त्या प्रत्येकाला निराळा माणूस समजतो. केळीच्या चिकाने काळवंडलेल्या, कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक पाच वर्षांपूर्वीच बंद झालेला असतो, त्यामुळे पडताळणीचा संकेतांक कोणाच्याही हाती येत नाही.

यांतील प्रत्येक त्रुटी दुरुस्त होऊ शकते. पण त्यासाठी दिवस लागतात, आणि रुग्ण खाटेवर असताना हाती तास असतात. फैजपूरच्या मजुराला शिधापत्रिकेच्या कामासाठी यावलच्या तहसील कार्यालयात जावे लागते. म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि एका फेरीत काम झाले नाही तर दुसऱ्या दिवसाचीही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या पावरा, भिल्ल आणि तडवी कुटुंबांचे अंतर याहून कठीण. म्हणूनच कागद नीट करण्याची वेळ आजारानंतरची नसून आजारापूर्वीची आहे. रुग्णाला रक्त देणे, डबा पोहोचवणे, रात्री उशाशी बसणे ही रुग्णसेवा समाजाला परिचित आहे. निरोगी माणसाची शिधापत्रिका दुरुस्त करून ठेवणे हीदेखील तितकीच मोलाची रुग्णसेवा आहे, हे अजून पुरेसे रुजलेले नाही.

यासाठी काय करावे? एका कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील वीस घरे घ्यावीत. प्रत्येक घरी बसून शिधापत्रिका आणि आधार शेजारी शेजारी ठेवावेत आणि नावे अक्षरशः ताडून पाहावीत. कोणाचे नाव नाही, कोणाचे दोनदा आहे, कोणाचे चुकले आहे, याची वही करावी. अर्ज दिल्यावर तारखेसह पोच घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा अधिकार नागरिकाला दिला आहे; त्याची आठवण नम्रपणे, पण निःसंकोच करून द्यावी. आयुष्मान कार्ड काढताना ठसा उमटत नसेल, तर मोबाईलवरील संकेतांकाने अथवा चेहऱ्याच्या पडताळणीने काम होऊ शकते. हे कार्ड विनामूल्य आहे, त्यासाठी कोणी दलाल पैसे मागत असल्यास ते देऊ नयेत, हे घरोघरी सांगावे. शेवटी, जवळची अंगीकृत रुग्णालये कोणती आणि तेथे कोणते उपचार होतात, याची यादी कागदावर लिहून भिंतीवर लावावी. १५५३८८ हा योजनेचा मदत क्रमांक आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक त्याच कागदावर ठळक असावा.

योजनेच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. अन्यथा अपेक्षाभंगाचा दोष कार्यकर्त्याच्या माथी येतो. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, यादीत नमूद असलेल्या उपचारांसाठी आहे. २०२३ च्या निर्णयानुसार अशा उपचारांची संख्या १३५६ होती आणि पुढे ती वाढवण्याचे निर्णय झाले. परंतु साधा ताप, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, बाह्यरुग्ण विभागातील नित्याची तपासणी यांचा खर्च तीतून मिळत नाही. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. खासगी रुग्णालये म्हणतात की ठरवून दिलेले दर अपुरे आहेत आणि देयके वेळेवर मिळत नाहीत. या गाऱ्हाण्यात तथ्य असू शकते. परंतु त्याचा भार मान्यता मिळालेल्या रुग्णाच्या खिशावर टाकता येत नाही. पैसे मागितले गेल्यास पावती मागावी, आरोग्यमित्राला सांगावे, मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. आवाज चढवण्याने जे होत नाही, ते बहुधा नोंदवलेल्या तक्रारीने होते.

ज्याचा उपचार यादीत बसत नाही, त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. येथे मात्र उत्पन्नाची अट आहे आणि तिचा पुरावा लागतो.

या ठिकाणी मध्यमवर्गीय कुटुंबांना दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. पहिला असा की, ही योजना आता 'त्यांची' राहिलेली नाही. पांढऱ्या शिधापत्रिकेचे कुटुंबही तीत आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वेगळे संरक्षण मिळाले आहे. घरातील आजी-आजोबांचे कार्ड आजच काढून ठेवावे. दुसरा शब्द थोडा कठोर आहे. ओळखीच्या बळावर कमी उत्पन्नाचा दाखला मिळवणारा सुस्थित माणूस शासनाला फसवत असतोच; पण धर्मादाय रुग्णालयातील ज्या खाटेवर तो निजतो, ती खाट एखाद्या मजुराची असते. ज्या घरात असा दाखला काढला जातो, त्या घराने सेवेचे नाव घेऊ नये.

पाच लाखांची तरतूद करणे हे राज्यसंस्थेचे काम होते. ती तरतूद आणि केळीच्या बागेतील मजूर यांच्यामध्ये जे अंतर उरले आहे, ते एका नावातील चुकीचे, एका बंद मोबाईल क्रमांकाचे आणि यावलच्या दोन फेऱ्यांचे आहे. हे अंतर कापण्यासाठी निधी लागत नाही, मोठी संस्था लागत नाही. एक वही, आठवड्यातील एक संध्याकाळ आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन शांतपणे बसण्याची तयारी एवढे पुरते. येत्या रविवारी प्रत्येकाने प्रथम स्वतःच्या घरची शिधापत्रिका उघडून पाहावी, आणि मग शेजारच्या घराचे दार ठोठावावे.