चाळणीतून न सुटणारे विष



हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षांची वाटचाल. शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज ज्या वयाचे आहेत, त्या वयात मधुमेह आणि उच्च रक्तदाब घरोघरी आढळतात. आणि मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराची हीच दोन प्रमुख कारणे होत. या विकारात रक्तात साचणाऱ्या एका कमी परिचित पदार्थाचा परिचय करून देणे, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे. त्या पदार्थाचे नाव इंडॉक्सिल सल्फेट.

त्याचा उगम आतड्यात आहे. डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल असते. त्याचा बराचसा भाग शरीर शोषून घेते. जो अंश मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो, त्यापासून तेथील जिवाणू इंडोल तयार करतात. इंडोल रक्तावाटे यकृतात जाते; यकृत प्रथम त्याचे इंडॉक्सिल करते आणि मग त्यास सल्फेटची जोड देते. चंपारणच्या शेतकऱ्यांवर जिची लागवड लादली गेली होती, त्या निळीचा रंगही इंडॉक्सिलपासूनच बनतो, हे ऐकून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल.

रक्तात आल्यावर हा पदार्थ अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग असा बांधलेला असतो. मूत्रपिंडातील गाळणी अल्ब्युमिनला सहसा बाहेर जाऊ देत नाही. म्हणून त्याला चिकटलेले विषही गाळणीतून सुटत नाही. येथे मूत्रपिंडाचे दुसरे, कमी ज्ञात काम उपयोगी पडते. त्यातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी रक्तातील मोकळा अंश ओढून घेऊन लघवीत टाकतात. मोकळा अंश कमी झाला की बांधलेला थोडा सुटतो, आणि तोही ओढला जातो. रैगरपुरा, बीडनपुरा येथील दागिने घडवणाऱ्या गल्ल्या, किंवा सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून देशभर गेलेले गलाई व्यावसायिक ज्यांना परिचित आहेत, त्यांना हे सहज उमगेल. जुन्या दागिन्यातील तांबे चाळणीने निघत नाही. त्यासाठी सोने आटवावे लागते, तेजाब लागते. नलिकांच्या पेशी शरीरातील ती गलाई अहोरात्र करीत असतात.

विकार वाढला की या पेशी घटतात आणि विष साचू लागते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की साचलेले इंडॉक्सिल सल्फेट उरलेल्या नलिकांनाच इजा करते. तेथे दाह होतो आणि निकोप ऊतीच्या जागी व्रणासारखी कठीण ऊती तयार होते. म्हणजे मूत्रपिंड दुबळे झाल्याने विष वाढते आणि विष वाढल्याने मूत्रपिंड आणखी दुबळे होते. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरावरही त्याचा दुष्परिणाम होतो. मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांचा मृत्यू हृदयविकाराने होतो; त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक असावे, असे संशोधक मानतात. 2003 मध्ये युरोपातील संशोधकांनी अशा 90 विषद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 25 प्रथिनांना चिकटणारी होती.

मग डायलिसिसचे काय? डायलिसिस प्राण वाचवते, याविषयी शंका नको. परंतु त्याचा पडदा ही मुख्यतः चाळणीच आहे. एका बैठकीत युरिया सुमारे दोन तृतीयांश घटतो, इंडॉक्सिल सल्फेट मात्र साधारण एक तृतीयांशच. शिवाय आठवड्यातून तीनदा चार तास धरले, तरी 168 तासांपैकी 12 तासच रक्त शुद्ध होते. ‘यंत्राने सारे साफ केले, आता पथ्य कशाला,’ असे रुग्णाने म्हणणे म्हणूनच योग्य नव्हे.

आतड्यातच इंडोल शोषून घेणारे विशेष कोळशाचे औषध जपानमध्ये 1991 पासून वापरात आहे. मात्र 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत त्याने विकाराची गती मंदावल्याचे सिद्ध झाले नाही. तेव्हा घरगुती कोळसा किंवा ‘किडनी साफ करणारी’ अनोळखी चूर्णे यांच्या मोहात कोणी पडू नये. बद्धकोष्ठ टाळणे आणि आहारात चोथा असणे हितकारक आहे; पण ज्यांना विकार जडला आहे, त्यांनी फळे, भाज्या व डाळी किती घ्याव्यात हे वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. भीतीपोटी प्रथिने एकदम सोडणेही घातकच. त्याने शरीर झिजते.

या साऱ्याचे सार एवढेच, की नलिकांच्या पेशींचे काम पूर्णपणे करणारे यंत्र अद्याप नित्य वापरात आलेले नाही. म्हणून ज्या पेशी आहेत त्या जपल्या पाहिजेत. मूत्रपिंडाचा विकार आरंभी दुखत नाही, सूजही आणत नाही. तो कळतो दोन साध्या चाचण्यांनी: रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने त्या दर वर्षी कराव्यात, साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावेत, आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर दर सत्राला न चुकता सही करणाऱ्या पालकांनी वर्षातून एकदा स्वतःचाही अहवाल पाहावा, ही या हीरक महोत्सवानिमित्त नम्र विनंती.